क्लिफर्ड एन्टविसल आणि टीव्हीवरचा तो दुसरा

आमच्या मिल स्ट्रीट सोशल क्लबात दर शनिवारी करमणूक होत असे, असं म्हणणं धाडसाचं होईल. आम्ही करमणूक करण्याचा प्रयत्न करत असू आणि सभासद ती अंगाला न लावून घेण्याचा. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली. मी ऑर्गनवर बसायचे, म्हणजे या झटापटीच्या अगदी मधोमध. आणि माझ्या डाव्या हाताला, मायक्रोफोन जवळजवळ गिळून, क्लिफर्ड एन्टविसल उभा असायचा.

क्लिफर्ड क्लबचा मनोरंजन सचिव. पद भारदस्त, पगार शून्य. कलाकार ठरवायचे, ते आले की कपडे बदलायला त्यांना बिअरच्या पिंपांची खोली दाखवायची आणि मग स्टेजवर जाऊन त्यांची ओळख करून द्यायची. ओळख करून देण्याची त्याची स्वतःची अशी रीत होती. "आता जी बाई गाणार आहे ती काही फार मोठी गायिका नाही," तो सांगायचा. "मी गेल्या महिन्यात ऐकलीय तिला. पण धुक्यातून दोन बस बदलून आलीय, तेव्हा जरा गप्प बसा." पडद्याआड उभ्या असलेल्या बाईचा चेहरा मला ऑर्गनवरून दिसायचा. न दिसता तर बरं झालं असतं.

बाई गायला लागायची. गाणं जरा कुठे वर चढतंय तोवर स्वयंपाकघरातून बटाटा-मटणाच्या गरम पाई यायच्या. क्लिफर्ड माझ्याकडे बघून बोट वर करायचा, मी थांबायचे, आणि तो बाईच्या पुढ्यातून मायक्रोफोन काढून घ्यायचा. "पाई आल्या आहेत. वाटाणे कमी आहेत, आधी येईल त्याला मिळतील." सगळा हॉल उठून रांगेला लागला की तो बाईला म्हणायचा, चल, जिथे होतीस तिथून सुरू कर. जिथे होती तिथून पुन्हा सुरू करणारी एकही गायिका माझ्या पाहण्यात आली नाही. एक तर थेट बसस्टॉपवर गेली.

बाकीचा कर्मचारीवर्ग याच तोलाचा. दाराशी बर्था ग्रिमशॉ बसायची. सभासदत्वाचं कार्ड दाखवल्याशिवाय ती कुणाला आत सोडत नसे, आणि या 'कुणाला'मध्ये क्लबचे अध्यक्षही आले, जे तिचे सख्खे भाऊ होते. एकदा भर पावसात ते कार्ड घरी विसरून आले. तिने त्यांना परत पाठवलं, आणि कार्ड घेऊन आल्यावर ओल्या बुटांबद्दल झापलं. बारमागे वॉल्टर हॉरॉक्स. ग्लास पुसणं हे वॉल्टरच्या मते त्याचं खरं काम, आणि लख्ख पुसलेल्या ग्लासात कुणीतरी बिअर मागावी हे त्याला मनापासून पटत नसे. गिऱ्हाईक समोर आलं की जेवणाच्या वेळी दारात पाहुणा उभा राहावा तसा त्याचा चेहरा व्हायचा. अशा या लोकांत शहाणी म्हणावी अशी मी एकटी. हे मी म्हणते, दुसरं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

क्लिफर्ड मिल स्ट्रीटवरच जन्मला. शाळा सुटली तसा कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर, लागला, आणि गिरणीला कुलूप लागेपर्यंत तिथेच होता. आमच्या ब्रॅक्सडेन गावच्या साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडायचे. तिथे तोंडाने बोललेलं स्वतःच्या कानालाही ऐकू येत नसे. त्यामुळे माणसं आवाज न काढता नुसते ओठ मोठे मोठे हलवून बोलायची आणि समोरचा ते वाचायचा. क्लिफर्डने म्युरिएलला मागणी घातली ती अशीच, चार साच्यांच्या पलीकडून. ती 'हो' म्हणाली हे त्याच्या आधी तिच्या अख्ख्या रांगेला कळलं. गिरणी गेली, क्लिफर्डला नगरपालिकेत फुटबॉलच्या मैदानांवर पांढऱ्या रेघा मारायचं काम मिळालं, पण ओठांची सवय गेली नाही. मायक्रोफोनसमोर असूनही तो 'वाटाणे' हा शब्द शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्याला कळावा असा उच्चारायचा.

एका हिवाळ्यात ऑब्री लॅम्ब नावाचा किडकिडीत तरुण क्लबात येऊ लागला. मँचेस्टरला टीव्हीत असतो म्हणाला. आम्हाला वाटलं, दुरुस्तीत. वॉल्टरने त्याला घरच्या सेटवर मुंग्या दिसतात ही तक्रार सविस्तर सांगितली. ऑब्री कोपऱ्यात अर्धा ग्लास बिअर घेऊन बसायचा आणि कुणी काहीही बोललं की मान डोलवायचा. इतकं मन लावून ऐकणारा माणूस क्लबात पूर्वी कधी आला नव्हता, त्यामुळे सगळे त्याला सगळं सांगायचे. क्लिफर्ड खुर्ची ओढून बसायचा आणि कुठल्या जादूगाराचं कबुतर छताच्या पंख्यावर जाऊन बसलं इथपासून सुरुवात करायचा. वसंत आला तसा ऑब्री यायचा थांबला. गावात करमलं नसेल, असं बर्थाचं मत पडलं.

पुढच्या वर्षी टीव्हीवर 'जरा शांत बसा' नावाची विनोदी मालिका सुरू झाली. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातला एक क्लब आणि त्यातली विक्षिप्त मंडळी. क्लबचा मनोरंजन सचिव क्लेमंट. हे काम रूपर्ट ॲशकॉम्ब नावाचा लंडनचा नट करायचा, ज्याने तोवर फक्त सरदार-उमराव केले होते. क्लेमंट कलाकारांची ओळख करून देताना त्यांची अब्रू काढायचा, ऐन गाण्यात पाई आल्याचं जाहीर करायचा आणि बोलताना पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे ओठ हलवायचा. दाराशी कार्ड मागणारी बाई होती, बारमागे गिऱ्हाइकावर डाफरणारा बुवा होता. ऑर्गनवर एक जाडी बाई होती. ती डुलक्या घेत वाजवायची आणि गाणं संपलं तरी थांबायची नाही. ही कुणावरून घेतली होती ते मला आजतागायत समजलेलं नाही.

दर गुरुवारी आम्ही क्लबातल्या टीव्हीपुढे जमायचो. बर्थाला वॉल्टर लगेच ओळखू आला, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वॉल्टरला बर्था ओळखू आली आणि त्या आनंदात त्याने दोघांना विनातक्रार बिअर दिली. आपण स्वतः पडद्यावर आहोत असं मात्र दोघांच्याही मनात आलं नाही. क्लिफर्ड हाताची घडी घालून गंभीरपणे बघत होता.

"असला माणूस क्लब चालवायच्या लायकीचा नाही," तो शेवटी म्हणाला.

मी जपून विचारलं, याला बघून तुला कुणाची आठवण होते का. तो म्हणाला, होते की, माझ्या मेहुण्याची.

म्युरिएलला पहिल्याच भागात सगळं उमगलं होतं. घरी जाताना तिने सुचवलं की पुढच्या गुरुवारपासून आपण संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला नेत जाऊ. त्यांच्याकडे कुत्रा नव्हता.

मालिका लोकांना भलतीच आवडली. मग कुठल्यातरी वर्तमानपत्राने शोध लावला की तो क्लब म्हणजे आमचा क्लब, आणि शनिवारी बसगाड्या यायला लागल्या. लीड्सहून, डर्बीहून, एकदा तर थेट किनाऱ्यावरून, समुद्र सोडून. बर्थाने पाहुण्यांना पावसात उभं केलं की ते खूश होऊन तिचा फोटो काढायचे. वॉल्टर खेकसला की टाळ्या पडायच्या. आम्ही जितके वाईट वागू तितके लोक आनंदित होत होते, आणि आमच्याकडे वाईट वागण्याची काही टंचाई नव्हती.

क्लिफर्डला वाटलं, आपल्या तीस वर्षांच्या कष्टांना फळ आलं. तो तोंड उघडायचा अवकाश, हॉल हसायला लागायचा. पूर्वी लोकांना बारकावे कळायचे नाहीत, आता कळायला लागलेत, असं त्याने मला समजावून सांगितलं आणि एक नवा मखमली बो टाय विकत घेतला. त्याला खरं सांगायचं कुणी, हा प्रश्न कमिटीपुढे अनौपचारिकपणे आला. कमिटीने तो नेहमीप्रमाणे पुढच्या बैठकीवर ढकलला.

मग नोव्हेंबरात अल्बर्ट नटल गेला. अल्बर्ट आमच्याकडे दर शनिवारी मटणाची सोडत काढायचा. नंबर लागेल त्याला खाटकाकडचा मांसाचा ट्रे, अशी ती सोडत. साचेखात्यात त्याचे साचे क्लिफर्डच्या शेजारी होते, आणि पुढे गिरणी बंद पडल्यावरही दोघं रोज सकाळी सवयीने गिरणीच्या फाटकापर्यंत चालत जाऊन परत यायचे. अल्बर्ट गुरुवारी गेला. शनिवारी हॉलमध्ये निम्मे आपले, निम्मे बसगाडीवाले. पुढच्या टेबलाशी अल्बर्टची बायको नेली काळा कोट घालून बसली होती. ती येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण घरी बसून तरी काय करणार, म्हणाली.

क्लिफर्ड मायक्रोफोनशी आला. त्याने माझ्याकडे बोट वर केलं, मी वाजवायची थांबले.

"अल्बर्ट नटल परवा वारला," तो म्हणाला. ओठ नेहमीसारखे, मोठे मोठे. "माणूस म्हणून तसा काही फार मोठा नव्हता."

हॉलच्या मागच्या निम्म्या भागात हशा पिकला.

क्लिफर्ड थांबला. त्याला वाटलं असावं की मागे कुणाचा तरी ग्लास सांडला. त्याने पुन्हा सुरुवात केली. अल्बर्टची सोडत कधी वेळेवर निघाली नाही, आकडे त्याला नीट वाचता यायचे नाहीत, सहा आणि नऊमध्ये तर तो मरेपर्यंत गोंधळला. यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि प्रत्येक शब्दावर लोक टेबलं बडवत होते. "आता आपण एक मिनिट शांत उभे राहू," क्लिफर्ड म्हणाला. "वॉल्टर, बार बंद. पाई नंतर." त्यावर तर एक माणूस खुर्चीवरून खाली पडला.

वाक्यं हसण्यासारखीच होती, हे मी नाकारत नाही. त्या रात्रीपर्यंत मीही त्याच्या असल्या वाक्यांना मनातून हसत आले होते. पण पुढे नेली बसली होती. आणि क्लिफर्डला काय चाललंय ते कळायला लागलं होतं. मखमली बो टायच्या वरचा त्याचा गळा लालबुंद झाला. तो हॉलच्या टोकाला बघत होता, आणि मीही मान वळवली. तिथे भिंतीशी म्युरिएल उभी राहिली होती. ती ओठ हलवत होती. आवाज नव्हता. माझ्या आईचं दुकान होतं, मी साचेखात्यात वाढले नाही, पण एवढं मलाही वाचता आलं. ती म्हणत होती, नेलीकडे बघ. तिच्याशी बोल.

क्लिफर्डने मायक्रोफोन बंद केला. तो दोन पावलं पुढे आला, नेलीकडे तोंड केलं, आणि उरलेलं सगळं गिरणीच्या भाषेत बोलला. नुसते ओठ. बसगाडीवाल्यांना वाटलं, हा तर आजचा सगळ्यात भारी प्रकार. ते पोट धरून हसत होते. आणि त्या हसण्यात आमच्या गावच्या म्हाताऱ्या बायका, म्हातारे पुरुष एकेक करून उठून उभे राहिले आणि क्लिफर्डच्या तोंडाकडे बघत राहिले. नेली मान हलवत होती. मधेच ती थोडी हसली आणि तिनेही ओठांनीच काहीतरी उत्तर दिलं. क्लिफर्ड काय बोलला ते मी नंतर बऱ्याच जणांना विचारलं. ते अल्बर्टबद्दल होतं, एवढंच त्यांनी सांगितलं. मला 'चहा' आणि 'दोरा' एवढेच शब्द सापडले.

पुढच्या गुरुवारी क्लिफर्डने घरी टीव्ही लावला. म्युरिएलने कुत्र्याचा विषय काढला नाही. तो पूर्ण भाग बघून झाल्यावर त्याने विचारलं, "हा मी आहे का?"

"हो," म्युरिएल म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

पुढचं तिने मला सांगितलं, त्याने उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाला की वाटाण्यांचं मात्र त्या नटाने बरोबर पकडलंय.

त्याच शनिवारी ऑब्री लॅम्ब आला. अल्बर्टच्या वेळचा प्रकार त्याच्या कानावर गेला होता. बर्थाने त्याला कार्ड मागितलं आणि मुदत संपल्याचं समाधानाने दाखवून दिलं. मग क्लिफर्डनेच त्याला पाहुणा म्हणून आत घेतलं. दोघं त्याच जुन्या कोपऱ्यात बसले. मी शेजारच्या टेबलावर स्वरलिपीचे कागद लावत होते, म्हणजे ऐकत होते. ऑब्री म्हणाला की हे सगळं त्याने प्रेमापोटी लिहिलं. इथे येण्याआधी इतकं कुठे रमलो नव्हतो, म्हणाला. आणि त्याचा चेहरा बघता ते खरं असावं. लेखक लोक हे नेहमी खरंच सांगत असतात, त्यांची अडचण तीच आहे.

"प्रेमापोटी लिहिलंस तर सांगून लिहायचंस," क्लिफर्ड म्हणाला. "आम्ही काय नाही म्हणालो असतो?"

"तुम्ही हो म्हणाला असता, आणि मग माझ्यासमोर नीट वागायला लागला असता."

हे क्लिफर्डला पटलं असावं. त्याने बिअरचा घोट घेतला. मग म्हणाला, "एक सांग. तुझ्या त्या क्लेमंटला बायको का नाही?"

ऑब्रीने सांगितलं की एकटा माणूस जास्त विनोदी दिसतो. घरी बायको आहे म्हटल्यावर लोकांना त्याची काळजी वाटायला लागते आणि हसू कमी होतं.

"मग तो मी नाही," क्लिफर्ड म्हणाला. "बायको नसती तर मीही तसाच झालो असतो. पण आहे." आणि त्याने ऑब्रीसाठी आणखी अर्धा ग्लास मागवला. वॉल्टरने तो आणून दिला खरा, पण टेबलावर आपटला. वॉल्टरला कुणीतरी नुकतंच सांगितलं होतं की बारमागचा तो बुवा कोण.

एवढं झाल्यावर क्लिफर्डने सुधारायचं ठरवलं. पुढच्या शनिवारी वॉरिंग्टनहून एक जोडपं गायला आलं होतं. त्याने ओठ आवळून, अगदी बँकेतल्या माणसासारखं, त्यांचं कौतुक केलं. गोड गळ्याची, गुणी, आपल्या भाग्याने लाभलेली जोडी, वगैरे. लोक एकमेकांकडे बघू लागले. बाईला वाटलं तिची चेष्टा चाललीय आणि ती पहिल्याच ओळीत अडखळली. पाई आल्या तरी क्लिफर्ड बोलला नाही. गाणं संपेपर्यंत पाई गार झाल्या आणि गाणं काही कुणी ऐकलं नाही, सगळ्यांचं लक्ष वासाकडे. शेवटी नेली नटल उठून स्टेजपाशी आली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "क्लिफ, बाबा, बरं वाटत नसेल तर घरी जा. पण हे बंद कर."

तेव्हा तो पूर्ववत झाला. आम्ही सगळेच झालो, खरं म्हणजे आम्ही बदललो कुठे होतो.

ऑब्रीला मात्र चैन पडेना. क्लबचं छप्पर गळत होतं, ते क्लिफर्डने त्याला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलेलं होतं. ऑब्रीने एका शनिवारी छपराच्या मदतीसाठी खुद्द रूपर्ट ॲशकॉम्बला पाठवायचं कबूल केलं. त्या शनिवारी बसगाड्यांना बंदी, फक्त गावातले लोक. ॲशकॉम्ब मोटारीतून आला, उंच, देखणा, उंची ओव्हरकोटात. बर्थाने कार्ड मागितलं. तो तिच्याकडे बघून मोकळेपणाने हसला, कारण त्याला वाटलं ती भूमिका करतेय. नंतर बराच वेळ तो दाराबाहेर उभा होता.

बिअरच्या पिंपांच्या खोलीत त्याने क्लेमंटचा चौकड्यांचा कोट चढवला. क्लिफर्डने स्टेजवर जाऊन ओळख करून दिली. "हा मुलगा काही फार मोठा नट नाही," तो म्हणाला. "पण लंडनहून आलाय आणि त्याला कुणी जबरदस्ती केलेली नाही."

ॲशकॉम्ब आला, टाळ्या झाल्या. त्याने ओठ पसरले आणि क्लेमंट सुरू केला. पण क्लेमंट टीव्हीवर हसवायचा तो ऑब्रीच्या शब्दांवर, आणि ऑब्रीने त्या दिवसासाठी लिहून दिलेले शब्द संपायला फार वेळ लागला नाही. शिवाय लोक त्याच्याकडे बघतच नव्हते. ते कडेला उभ्या असलेल्या क्लिफर्डकडे बघत होते, मूळ प्रत हातात असताना नक्कल कोण वाचणार. ॲशकॉम्बचा आवाज चढला, मग पडला. मी मदत म्हणून थोडं वाजवलं. ते चुकलंच. मागे कुणीतरी फुटबॉलच्या निकालावर बोलायला लागलं. पडद्याआड उभ्या राहिलेल्या त्या सगळ्या गायिकांचे चेहरे मला त्या एका चेहऱ्यावर दिसले.

नेमक्या त्याच वेळी पाई आल्या.

क्लिफर्डने बोट वर केलं आणि सरळ जाऊन ॲशकॉम्बच्या हातातून मायक्रोफोन घेतला. "पाई आल्या आहेत," तो म्हणाला. खुर्च्या सरकल्या, निम्मा हॉल उठला. ॲशकॉम्ब जागेवर उभा होता, हात तसेच पुढे धरलेले. नाटकात ऐन प्रवेशात मुकुट काढून घेतलेल्या राजासारखा.

"खाली बसा," क्लिफर्ड म्हणाला.

असं तो तीस वर्षांत कधी म्हणाला नव्हता. लोक बसले, काही जण अर्ध्या वाटेतच, दुसऱ्यांच्या टेबलांशी.

"पाई कुठे पळून जात नाहीत. हा माणूस माझी भूमिका करतोय. सोपं नाही ते. मला स्वतःला जमायला अख्खं आयुष्य लागलं, आणि म्युरिएलला विचाराल तर ती म्हणेल अजून जमत नाही."

मागून म्युरिएलने ओठ हलवले. त्या वेळी मात्र सगळा हॉल हसला, आपलाच हॉल, आणि क्लिफर्ड ते ऐकून घेत उभा राहिला. मग त्याने ॲशकॉम्बच्या हातात मायक्रोफोन परत दिला आणि स्टेजवरून खाली उतरलाच नाही. ॲशकॉम्ब एक वाक्य बोलायचा, क्लिफर्ड मधेच म्हणायचा, मी असं म्हणत नाही, आणि खरं कसं म्हणतो ते म्हणून दाखवायचा, जे त्याहून वाईट असायचं. ॲशकॉम्ब ते उचलून पुन्हा करायचा. दोघांचं असं बराच वेळ चाललं. मी ऐन वेळी वाजवलं आणि ऐन वेळी थांबले, याची कुणी नोंद घेतली नाही ती मी इथे घेते. छपराचं कामही पुढे झालं, आता ते दुसऱ्या जागी गळतं.

कार्यक्रमानंतर ॲशकॉम्ब बारवर आला. वॉल्टर म्हणाला बार बंद झाला. ॲशकॉम्ब म्हणाला, याआधी असं कुणी मला पाईसाठी थांबवलं नव्हतं. क्लिफर्डने त्याला सांगितलं की मनाला लावून घेऊ नकोस, तू कबुतरवाल्यापेक्षा बरा होतास.

मालिकेचा शेवटचा भाग करताना टीव्हीवाल्यांनी क्लिफर्डला मँचेस्टरला बोलावलं. क्लेमंटच्या क्लबातला एक सभासद म्हणून त्याला बारपाशी उभं राहून, हलकी बिअर मागताना, फक्त एवढंच म्हणायचं होतं, "एक माइल्ड दे." त्याने आठवडाभर तालीम केली. म्युरिएल त्याच्याबरोबर गेली. स्टुडिओत त्याच्या तोंडाला रंग लावला, दिवे लावले, आणि तो ते वाक्य असं बोलला की दिग्दर्शकाने विचारलं, जरा नैसर्गिक करता येईल का. पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. दिग्दर्शक ऑब्रीला बाजूला घेऊन म्हणाला की हा माणूस क्लबात कधी गेलेला वाटत नाही. क्लिफर्डला त्याचं काही वाटलं नाही, कारण दुपारी जेवायला गोमांसाबरोबर दोन प्रकारचे बटाटे होते आणि पुन्हा मागितलं तरी चेहरा वाकडा न करता वाढत होते. वॉल्टरला त्याने हे आवर्जून सांगितलं.

शेवटचा भाग लागला त्या गुरुवारी क्लब भरून गेला होता. नेली आली होती, बर्था दार बंद करून आत येऊन बसली होती, हे प्रथमच. क्लेमंट आला, बोलला, पडला, उठला. बार दिसला. आम्ही सगळे पुढे सरसावलो. क्लिफर्डचं वाक्य कुठेच नव्हतं, त्याचा चेहराही नव्हता. कापून टाकलं होतं. पडद्याच्या कडेला, एका माणसाच्या पाठीमागे, कुणाचं तरी कोपर बारवर टेकलेलं क्षणभर दिसलं आणि गेलं.

क्लिफर्ड बुटांकडे बघत होता.

"ते तुझं होतं," म्युरिएल म्हणाली. "करडा स्वेटर. ते ठिगळ मी लावलंय."

मग सगळेच म्हणाले की हो, आम्हीपण पाहिलं, ठिगळ अगदी स्पष्ट दिसत होतं. वॉल्टरने तर ठिगळाचा रंगही सांगितला, जो चुकीचा होता. क्लिफर्डने मान वर केली आणि विचारलं, कोपर कसं दिसलं. म्युरिएल म्हणाली, चांगलं दिसलं. सरळ ठेवलं असतंस तर आणखी चांगलं दिसलं असतं.